पदर नारायणरावांसारखा

प्रश्न : आमची आजी मूळची मिरजेची. आम्हा नातींना साडी नेसवताना ती हमखास म्हणायची, "असा नाही गं पदर घ्यायचा. नारायणराव कसे घ्यायचे, माहितीये का?" बरीच वर्षं मला वाटायचं, नारायणराव म्हणजे तिच्या माहेरचे कुणी मामा-काका असतील, आणि ते साडी का नेसायचे हे विचारायचा धीर व्हायचा नाही. पुढे कळलं की नारायणराव म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, आपले बालगंधर्व. पदर कसा सावरावा, मान कशी वेळावावी, हे बायकांनी एका पुरुषाकडून शिकायचं, असं जगात आणखी कुठे घडलं आहे का? की आमच्याच आज्या अशा? आणि त्यांनी दाखवलं ते खरोखर बायकांचं होतं, की पुरुषांच्या मनातल्या बायकांचं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या आजीला जपानात भरपूर मैत्रिणी मिळाल्या असत्या. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे उएमुरा किचिया नावाचा नट काबुकी नाटकांतून बायकांच्या भूमिका करायचा. किमोनोवर कमरेला जो रुंद पट्टा बांधतात, ओबी, त्याची गाठ तो टोकं खाली लोंबती सोडून मारायचा. बायकांनी ती इतकी उचलली की त्या गाठीला 'किचिया-मुसुबी', किचियाची गाठ, हेच नाव पडलं. पुढच्या शतकात दुसरा सेगावा किकुनोजो हा असाच स्त्रीभूमिका करणारा नट गाजला. त्याच्या आवडीचा एक हिरवट तपकिरी रंग बायकांनी अंगभर मिरवला. त्या रंगाला 'रोको-चा' म्हणतात, आणि रोको हे त्या नटाचं टोपणनाव. तेव्हा "नारायणराव कसे घ्यायचे" याचं जपानी रूप एखाद्या आजीने नातीला नक्की ऐकवलं असणार.

इतक्या लांब तरी कशाला जा? मुंबईत गुजराती रंगभूमीवर 1901 साली 'सौभाग्य सुंदरी' नावाचं नाटक आलं. त्यात सुंदरीचं काम करणारा जयशंकर भोजक तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. ते काम असं गाजलं की 'सुंदरी' हे त्याचं नावच होऊन गेलं. 1971 साली त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हाही ते जयशंकर 'सुंदरी'च होते. त्यांच्या वेशभूषेची नक्कल करणाऱ्या गुजराती बायकांच्या घरांपासून तुमच्या आजीच्या माहेरापर्यंतचं अंतर एका रात्रीच्या रेल्वे प्रवासाचं.

पण रंगमंचावर पुरुषच का उभा राहिला, याची कारणं ठिकठिकाणी निराळी आहेत. काबुकी तर एका बाईनेच सुरू केलं. इझुमोची ओकुनी 1603 च्या सुमारास क्योतोत कामो नदीच्या कोरड्या पात्रात नाचली, आणि गंमत म्हणजे पुरुषाचा वेश करून, कमरेला तलवार लावून नाचली. तिच्यामागून बायकांच्या मंडळ्या निघाल्या. नाटकाबरोबर वेश्याव्यवसायही चालतो, प्रेक्षकांत मारामाऱ्या होतात, म्हणून 1629 साली शोगुनच्या सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी केली. मग कोवळी पोरं आली. त्यांच्यावरूनही तेच सुरू झालं. 1652 साली पोरांनाही बंदी. शेवटी ठरलं की फक्त प्रौढ पुरुषांनी काम करायचं, तेही कपाळावरचे केस भादरून, म्हणजे कुणी मोहात पडायला नको. बायकांचं काम करणाऱ्या नटांनी त्या भादरलेल्या जागेवर जांभळं फडकं बांधायला सुरुवात केली, आणि थोड्याच दिवसांत ते फडकंच देखणं ठरलं. सरकारी हुकूम आणि सौंदर्यदृष्टी यांची झटापट झाली की बहुतेक वेळा कोण जिंकतं, ते यावरून समजावं.

चीनमध्ये छिंग राजवटीने अठराव्या शतकात राजधानीच्या रंगमंचावरून बायकांना हटवलं. इंग्लंडात 1660 पर्यंत मुलगेच नायिका व्हायचे. आपल्याकडे सरकारी हुकूम वगैरे काही नव्हता. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा सीता पुरुष होता, आणि त्यावर कुणाला चर्चाही करावीशी वाटली नाही. घरंदाज बाई चारचौघांत नाचणार-गाणार नाही आणि नाचणारी-गाणारी बाई घरंदाज नाही, हा अलिखित कायदा शोगुनच्या लेखी हुकमापेक्षा पक्का होता. तो किती पक्का, हे दादासाहेब फाळक्यांना विचारायला हवं होतं. 'राजा हरिश्चंद्र'च्या तारामतीसाठी त्यांनी कोठ्यावरच्या बायकांनासुद्धा विचारून पाहिलं. नाटकाहून सिनेमा हलका, म्हणून त्याही येईनात. शेवटी एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. बाकीच्या स्त्रीपात्रांची अडचण आणखी वेगळी. बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही, ही आपली रीत. पोरं लुगडं नेसायला तयार, पण मिशीला वस्तरा लावायला तयार नाहीत. चार वर्षांनी, 1917 साली, 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. वियोगात रडणारे दोघेही एकच, आणि लोक डोळे पुसत घरी गेले.

आता तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग : 'त्यांनी दाखवलं ते बायकांचं होतं का?'

आधी एक आठवण. कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्या एकांकिकेत एका मुलाला बाई करायचं होतं. आम्ही पाच-सहा मुलींनी त्याला चालायला शिकवायचं पत्करलं आणि पहिल्याच मिनिटाला अडकलो. आपण कशा चालतो हे एकीलाही सांगता येईना. एकीने चालून दाखवलं, तर तो म्हणाला, "हे तर मी चालतो तसंच आहे." आणि खरोखरच तसंच होतं. मग आम्ही त्याला जे शिकवलं ते आमचं चालणं नव्हतंच, सिनेमातल्या बायकांचं होतं. तो छान चालला, बक्षीसही मिळालं, आणि आम्ही मात्र त्यानंतर बरेच दिवस आपापल्या पायांकडे बघत चालत होतो.

मुलगी ज्या गोष्टी नकळत उचलते त्या पुरुषाला एकेक करून, मुद्दाम, अंगावर घ्याव्या लागतात. म्हणून ज्या ज्या समाजात पुरुषांनी बाई उभी केली तिथे 'बायकी म्हणजे काय' याची चक्क यादी तयार झाली. गुरूने शिष्याला द्यायची, तालमीत घोटून घ्यायची यादी. या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर लक्षात येतं की त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

जपानची यादी बघा. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला तिथे ओन्नागाता म्हणतात. त्याने गुडघे एकमेकांना चिकटवून चालायचं; सरावासाठी दोन्ही गुडघ्यांत कागद धरायचा आणि तो पडू द्यायचा नाही. पावलांची टोकं आत वळवायची. खांदे मागे-खाली ओढून घ्यायचे, म्हणजे धिप्पाड माणूसही लहानखुरा दिसतो. पंजे बाह्यांत लपवायचे. यादीतली प्रत्येक गोष्ट अंग आवरून कमीत कमी जागा व्यापायला शिकवते.

हीच यादी मराठी नटाच्या हातात ठेवली असती तर तो हसला असता. नऊवारी नेसून, कासोटा घालून गुडघे चिकटवायचे कसे? आपल्या लुगड्यात दोन्ही पाय सुटे. बाई पाणी आणते, दळण करते, झिम्मा-फुगडी खेळते, भात लावते, प्रसंगी घोड्यावरही बसते, ती या कासोट्याच्या जोरावर. किमोनो गुंडाळीचा, म्हणून पाऊल लहान. लुगडं काष्ट्याचं, म्हणून पाऊल मोकळं. निसर्गतः बायकी वाटणारी चाल निम्म्याहून अधिक कापडाच्या घडीतून आलेली असते. मग मराठी स्त्रीपार्टी नटाने बाईपण ठेवलं कुठे? कमरेच्या वर. पदरात, मानेत, डोळ्यांत, बोटांत आणि मुख्य म्हणजे गळ्यात. तुमच्या आजीने उदाहरण म्हणून पदरच घेतला, पावलं घेतली नाहीत, ते उगाच नव्हे.

चीनची यादी सगळ्यात लांबलचक, कारण तिथे एका बाईवर भागतच नाही. पेकिंग ऑपेरात स्त्रीभूमिकेला 'दान' म्हणतात आणि तिचे प्रकार पडतात. संथ, पतिव्रता, नजर खाली ठेवणारी 'छिंगयी'. चटपटीत, नखरेल, हातात रुमाल खेळवणारी 'ह्वादान'. घोडा आणि तलवार सांभाळणारी 'दाओमादान'. म्हातारी 'लाओदान'. नट आयुष्यभर बहुधा एकाच प्रकारात राहायचा. मेई लानफांग (1894–1961) हा त्यातला सगळ्यात मोठा. त्याने आणि त्याचे गुरू वांग याओछिंग यांनी या भिंती पाडल्या आणि छिंगयीचं गाणं, ह्वादानचा नखरा, तलवारबाजीचं कसब एकाच बाईत आणलं. पतिव्रता नखरेल असू शकते आणि नखरेल बाई लढू शकते, ही गोष्ट चिनी रंगमंचाला एका पुरुषाने पटवून द्यावी लागली, यावर हसावं की चिडावं ते तुम्ही ठरवा. मेईच्या हातांबद्दल तर काय सांगावं. ऑर्किडच्या पाकळ्यांसारखी बोटं धरायची कितीतरी वळणं त्याच्या हातात होती. 1935 साली तो मॉस्कोला गेला तेव्हा स्तानिस्लाव्स्की, मेयरहोल्ड, आयझेनस्टाइन असे नाटक-सिनेमातले दिग्गज समोर बसले होते, आणि तिथे पाहिलेल्या त्याच्या कामावरून जर्मन नाटककार ब्रेख्तने नटाच्या कलेबद्दल लिहिलं.

चीनच्या यादीत एक गोष्ट मात्र अंगावर काटा आणणारी आहे. 1779 च्या सुमारास राजधानीत आलेल्या वेई छांगशेंग या नटाने 'छियाओ' गाजवला. लहानशा लाकडी पायाला आपलं पाऊल जवळजवळ उभं बांधायचं, खाली चिमुकला बूट दिसू द्यायचा, आणि त्यावर तोल सांभाळत चालायचं, धावायचं, लढायचं. कारण त्या काळी हान घराण्यांतल्या मुलींची पावलं लहानपणीच बांधून मोडली जात होती, आणि तशी लटपटती चाल सुंदर समजली जात होती. राज्य मात्र छिंगांचं, म्हणजे मांचूंचं, आणि मांचू बायका पाय बांधत नसत. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर पावलांबद्दलच्या दोन समजुती शेजारी शेजारी चालत होत्या. पुढे कायद्याने आणि चळवळीने पाय बांधणं थांबलं, पण रंगमंचावरचा लाकडी पाय त्यानंतरही काही काळ टिकला. 1949 नंतर तोही बंद झाला.

दातांचंही असंच. जपानात लग्न झालेली बाई दात काळे करायची, भुवया काढून टाकायची. लोखंडाचं आंबवलेलं पाणी आणि तुरट पूड यांच्या मिश्रणाने दात काळेभोर, चकचकीत व्हायचे. 1873 साली सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली आणि हळूहळू बायकांनी ते सोडलं. काबुकीत मात्र विवाहितेचं काम करणारा पुरुष अजूनही दात काळे करतो. बायकांनी टाकून दिलेलं बाईपण पुरुषांनी जपून ठेवलं आहे, असं विचित्र दृश्य. आणि 'शी, काळे दात!' म्हणण्याआधी आपल्या आजीच्या आजीची फणेरपेटी आठवावी. तिच्यात दातवण असायचं. सवाष्णीने लावायचं, विधवेने नाही. हिरडा आणि हिराकस, म्हणजे पुन्हा तुरट पूड आणि लोखंडच. दोन देशांतल्या बायकांनी एकमेकींना न विचारता एकच रसायन दातांना लावलं, आणि दोघींच्याही नातींना ते विसरायला फार वेळ लागला नाही.

नाटक संपल्यावर काय करायचं, यावर जपानी आणि मराठी नटांची तोंडं अगदी विरुद्ध दिशांना. योशिझावा आयामे (1673–1729) या ओन्नागाताचे विचार लिहून ठेवलेले आहेत. त्याचं म्हणणं, रंगमंचाबाहेरही बाई म्हणूनच जगा, नाहीतर रंगमंचावर बाई उभी राहणार नाही. नायकाचं काम करणाऱ्या नटासमोर बकाबका जेवू नका. आपल्याला बायको आहे हे लोकांना कळू देऊ नका, आणि कुणी बायकोचा विषय काढलाच तर लाजा. बालगंधर्व रंग पुसला की कोट-टोपीतले नारायणराव. समोरच्या प्रत्येकाला 'देवा' म्हणणारे, खर्चाच्या बाबतीत राजे, संसारी गृहस्थ. त्यांनी बायकांच्या हळदीकुंकवाला लुगडं नेसून हजेरी लावली आणि कुणी ओळखलं नाही, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो की रचलेली, तिची गंमतच मुळी ते एरवी पुरुषासारखे राहत असल्यामुळे आहे. आयामेबद्दल अशी गोष्ट रचायचं कुणाला सुचलंच नसतं. जपानी नटाला बाईपण हे व्रतासारखं वाटलं, मराठी नटाला शालूसारखं. शालू कितीही भारी असला तरी घडी करून पेटीत ठेवायचा.

मेई लानफांगने ही घडी कशी मोडली तेही सांगण्यासारखं आहे. जपानने चीनचा मुलूख घेतला तेव्हा जपानी अधिकाऱ्यांपुढे गायला लागू नये म्हणून त्याने मिशी वाढवली. चीनच्या सर्वांत सुंदर बाईने मिशी ठेवली, म्हणजे खेळ बंद. 1945 साली युद्ध संपल्यावर मिशी काढली आणि तो पुन्हा उभा राहिला. आमच्या पोरांनी फाळक्यांना मिशीसाठी नाही म्हटलं ते बापासाठी, त्याने देशासाठी.

पण सगळ्याच परंपरांत बाई म्हणजे आवरून घेणं, लाजणं, असं नाही. आंध्रातल्या कुचिपुडी गावातल्या 'भामाकलापम्'मध्ये सत्यभामा येते तीच पडद्याआडून. लोकांना आधी दिसते तिची वेणी. लांबलचक, दागिन्यांनी मढवलेली वेणी ती पडद्यावरून बाहेर टाकते : आहे का कुणी माझ्या तोडीचं? ही वेणी टाकणारे पिढ्यान्‌पिढ्या त्या गावचे ब्राह्मण पुरुष. 2012 साली वारलेले वेदांतम सत्यनारायण शर्मा हे त्यांच्यातले सगळ्यात नावाजलेले. त्यांच्या सत्यभामेत लाज होती, पण ती अहंकाराच्या मागे मागे चालायची. आपल्याकडेही खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्ये 1911 साली भामिनी असाच तोरा घेऊन आली. मराठी नाटकाने मात्र पाच अंकांत तिचा तोरा उतरवूनच पाठवली. योगायोग असा की त्याच 1911 साली तोक्योत मात्सुई सुमाको या बाईने इब्सेनच्या नाटकातली नोरा केली. तिथे खरी बाई घर सोडून निघाली होती, इथे बालगंधर्वांची भामिनी नमत होती, आणि मुंबईच्या प्रेक्षागृहातल्या बायका तिच्या शालूचे काठ न्याहाळत होत्या.

शृंगार म्हटला की तो बायकांचाच, हेही सगळीकडे खरं नाही. नायजरमधल्या वोडाबे पशुपालकांत पावसाळ्याअखेर गेरेवोल नावाचा उत्सव होतो. तेव्हा तासन्‌तास आरशासमोर बसतात ते तरुण पुरुष. चेहऱ्याला पिवळी माती, डोळ्यांत काजळ, ओठ काळे. आणि दात-डोळे पांढरे स्वच्छ दिसावेत म्हणून डोळे विस्फारून, दात विचकून ते रांगेत नाचतात. सुंदर कोण हे ठरवतात बायका. तिथल्या एखाद्या आजीने नातीला पदर शिकवला नसता. नातवाला काजळ कसं घालावं ते सांगितलं असतं.

आता थोडं कडू. बालगंधर्वांनी जे दाखवलं त्याला मी 'बायकांचं' म्हणणार नाही. ते काही बायकांचं होतं. भारी शालू, खऱ्या दागिन्यांचा सोस, अंबाड्यावरची फुलं, हळू आवाज, पुरुषासमोर पापणी खाली, हे सगळं माजघरातल्या, उंबऱ्याच्या आतल्या, शहरी पांढरपेशा बाईचं चित्र. मासळीच्या पाट्या घेऊन बाजारात बसणाऱ्या कोळिणीचा आवाज त्यात नव्हता, चिखलात आवणी करणारीचे पायही नव्हते. त्या बायकांचं बाईपण कुणी रंगमंचावर 'आदर्श' म्हणून मांडलं नाही, आणि त्यांचं त्यावाचून अडलंही नाही. त्याच महाराष्ट्रात तमाशाच्या फडात नाच्या उभा होता. हातवारे तेच, मुरडणं तेच, लाजणंही तेच. पण संगीत नाटकातल्या पुरुषाला लोकमान्यांनी दिलेली 'बालगंधर्व' ही पदवी मिरवायला मिळाली, आणि फडातल्या पुरुषाला टवाळी. पडद्यावरचा सर्वांत प्रसिद्ध नाच्या म्हणजे गणपत पाटील. संसारी माणूस, पण भूमिकेचा शिक्का त्यांना आयुष्यभर चिकटला. आनंद यादवांच्या 'नटरंग'मध्ये, आणि 2010 साली त्यावर आलेल्या चित्रपटात, हेच दुखणं आहे. तेव्हा वाद पुरुषाने बाई होण्याचा नव्हताच. कुठली बाई, आणि कोणत्या तिकिटाच्या खुर्चीसमोर, याचा होता.

बायका रंगमंचावर आल्या तेव्हा काय झालं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल म्हणून सांगते. हिराबाई बडोदेकर सुभद्रा झाल्या; 1933 साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक उभ्या राहिल्या. आणि बरीच वर्षं बाईच्या प्रत्येक स्त्रीभूमिकेला एकच माप लावलं गेलं : नारायणरावांची सर नाही. चीनमध्ये यान ह्वेइचू वगैरे नट्या 'दान' शिकायला मेई लानफांगकडे गेल्या. जपानात उलटीच गंगा वाहिली. ताकाराझुका गावी 1914 पासून फक्त मुलींची नाटक कंपनी चालते. तिथे नायकही मुलीच होतात, आणि त्या नायकांवर फिदा होणाऱ्या प्रेक्षकांत बायकाच जास्त. पुरुष कसा असावा, हे तिथे बायकांनी ठरवून टाकलं आहे. हा पुरुष घामट नसतो, ओरडत नाही, समोरचीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो. प्रत्यक्षात असा सापडत नाही ही तक्रार मात्र त्यांच्याकडेही आहेच.

आणि हे सगळं इतिहासजमा झालं असं समजू नका. कार्तिकापासून पुढे सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या जत्रांना जा. दशावतारात आजही राणी, राक्षसी, सती, सगळ्या पुरुषच असतात. दुपारी शेतात किंवा दुकानात असलेला माणूस रात्री देवळामागे पेटाऱ्यावर आरसा टेकवून स्वतःच रंग लावतो, स्वतःच नऊवारी नेसतो. संवाद पाठ केलेले नसतात. उभ्या उभ्या सुचतात. एकदा कुडाळच्या बाजूला मी अशीच बसले होते. सती नवऱ्याच्या प्राणांसाठी देवाशी भांडत होती, पदर कमरेला खोचून, आणि माझ्या शेजारच्या काकी दुसरीला म्हणाल्या, "ह्यो आमच्यापेक्षा बरी साडी नेसता गो." दुसरी म्हणाली, "नेसात नाय तर काय! तेका खय दोन पोरां कडेर घेवन नेसूची लागता?"

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं माझ्याकडचं उत्तर जवळजवळ तेच आहे. चित्र पुरुषांनी रंगवलं, पण बायकांनी ते जसंच्या तसं घरी नेलं नाही. किचियाकडून गाठ घेतली, गुडघ्यातला कागद नाही घेतला. बालगंधर्वांची सर्वांत रडवणारी भूमिका म्हणजे 'एकच प्याला'मधली सिंधू. 1919 सालच्या त्या नाटकात दारुड्या नवऱ्यापायी जात्यावर दळणं दळणारी, फाटक्या लुगड्यातली, तोंडातून ब्र न काढणारी बाई. तिच्यासाठी बायका ढसाढसा रडल्या. तुमच्या आजीही रडल्या असतील. नारायणरावांकडून त्यांनी पदर उचलला, हे तर दिसतंच आहे. सिंधूचं मुकाट सोसणंही उचललं होतं का, हे मात्र तुमच्या आजोबांनाच विचारायला हवं होतं.